आधी महिना ठरवा, मग शेत: सातारा-सांगलीकडची परवडणारी शेतावरची सुट्टी

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाचे ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे’ शक्य तेवढे गाळलेत. सगळे गाळले तर मी बोलतोय असं वाटणार नाही.)

इअरफोन लावून बसमध्ये असाल, नाहीतर भांडी घासत असाल, दोन्ही चालतंय. आजचा विषय फिरण्याचा आहे, पण ‘टॉप टेन ठिकाणं’ छापाचा नाही. तसल्या रील्स तुमच्याकडे रोज पन्नास येतात.

झालं काय, आमच्या टीममधल्या एकाला सुट्टीसाठी रॅंच हवी होती. घोडे, कुरण, लाकडी घर, मुलं दिवसभर बाहेर. त्यानं मला मोंटानाचे व्हिडिओ दाखवले आणि विचारलं, “तू सांगलीकडचा ना? तुमच्याकडे असलं काही स्वस्तात मिळतं का?” मी हसलो. मग घरी जाऊन विचार केला, की हसण्यासारखं काय आहे त्यात? दोन मुलं, नवरा-बायको आणि आई-वडील असं कुटुंब आहे, कुणालाच एका जागी बसवत नाही, हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघायला जायचं नाही आणि बजेट मोजकं आहे. हा प्रश्न माझ्या ताईचा आहे, तुमच्यातल्या कित्येकांचा आहे.

आणि गंमत म्हणजे अमेरिकेतली ती रॅंचची सुट्टीसुद्धा पैशांच्या अडचणीतूनच आली. ईटन नावाचे तीन भाऊ होते, डाकोटात त्यांची गुरांची रॅंच होती. १८८० च्या दशकातली गोष्ट. पूर्वेकडच्या शहरांतले ओळखीचे पाहुणे यायचे आणि आठवडेच्या आठवडे राहायचे. शेवटी भावांनी राहण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली. पुढे १९०४ मध्ये ते वायोमिंगला गेले. अशा रॅंचवाल्यांची संघटना १९२६ मध्ये झाली. शहरी पाहुण्याला ते ‘ड्यूड’ म्हणायचे, म्हणून ती ‘ड्यूड रॅंच’. आपल्याकडच्या कुठल्याही वस्तीवर ही गोष्ट सांगितली तर लोक म्हणतील, “त्यात काय, पुण्याचे पाहुणे आमच्याकडेपण तसेच येतात. फक्त आम्ही बिल लावत नाही.”

बिल लावायला आपल्याकडे उशिरा सुरुवात झाली. नेरळची सगुणा बाग हे जुनं नाव. मग २००५ च्या सुमारास बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचं काम संघटितपणे सुरू केलं, इतर शेतकऱ्यांना शिकवलं. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण आलं २०२० मध्ये. आता शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे आपलं केंद्र नोंदवता येतं. पण बोर्डावर ‘कृषी पर्यटन’ लिहिलंय म्हणजे आत शेती आहेच, असं समजू नका. आम्ही तिथेच फसलो.

ते सांगतो. नाव-गाव काढत नाही.

आमचं मूळ गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. २०१९ च्या महापुरात घर बसलं. मातीच्या भिंती, किती दिवस पाण्यात उभ्या राहणार? जमीन आहे, ती वाट्यानं दिलीय. आई आणि अण्णा माझ्याकडे पुण्याला आले ते आलेच. त्यामुळे ताईच्या मुलांना, म्हणजे नऊ वर्षांचा भाचा आणि सहा वर्षांची भाची, त्यांना ‘गावाला जाणं’ हा प्रकारच माहीत नाही. म्हणजे गाव आहे, पण रात्री मुक्काम करायला छप्पर नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच असेल. मग आपण काय करतो? पैसे देऊन दुसऱ्याच्या गावाला जातो. मागच्या मे महिन्यात आम्ही तेच केलं.

फोटोत बैलगाडी होती, चूल होती, हिरवंगार होतं. माणशी २,२०० रुपये, मुलांना १,५००. आम्ही पाच मोठे, दोन लहान. एका रात्रीचे १४,००० झाले. गेलो तर काय, स्विमिंग पूल, रेन डान्स, दिवसभर स्पीकर. ट्रॅक्टरची फेरी होती, कुंपणाच्या आतून गोल, पाच मिनिटं. दारात गुलाबी रंग दिलेला लोखंडी नांगर ठेवला होता, सेल्फीसाठी. अण्णा त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, “ह्या नांगरानं एक तास तरी पडलाय का?” तास म्हणजे नांगराची रेघ, हे भाच्याला समजावून सांगावं लागलं. चार वाजेपर्यंत मुलं कंटाळली आणि मोबाईल मागायला लागली. मे महिना, बाहेर ऊन, आजूबाजूचं रान मोकळं, करण्यासारखं काहीच नाही.

घरी आल्यावर चिडून मी हिशोबाला बसलो. मी सॉफ्टवेअरवाला, चिडलो की एक्सेल उघडतो. आणि लक्षात आलं की चूक त्या जागेची कमी आणि आमची जास्त होती. आम्ही जागा निवडली फोटो बघून, तारीख निवडली सुट्टी बघून. शेतीचं असं नसतं ना. शेताला कॅलेंडर असतं. रानात काम चालू असेल त्या आठवड्यात गेलं तर मुलांना करमणूक वेगळी द्यावी लागत नाही. काम नसेल तेव्हा गेलं तर मालकाला बिचाऱ्याला रेन डान्सच लावावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आधी महिना ठरवा, त्या महिन्यात कुठल्या पट्ट्यात काय चाललेलं असतं ते बघा, आणि मग त्या पट्ट्यातलं शेत शोधा.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे याला फार सोयीचे आहेत, कारण इथे थोड्या अंतरावर हवा बदलते आणि पीक बदलतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. एकीकडे भात आणि स्ट्रॉबेरी, दुसरीकडे शाळू आणि मेंढरं, मध्ये कृष्णेच्या काठाला ऊस आणि हळद. खाली तासगाव, मिरजेकडे द्राक्षं. त्याच्या पलीकडे आटपाडीत डाळिंब.

आता दिवाळीची सुट्टी घेऊ, कारण आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते तेव्हाच, नोव्हेंबरमध्ये, कराड तालुक्यात. दसरा-दिवाळीच्या पुढे उसाचा हंगाम सुरू होतो आणि गुऱ्हाळं पेटतात. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांनी आयुष्यात एकदा पाहावं, आणि मुलं असतील तर नक्कीच. ऊस चरकातून निघतो, रस मोठ्या काहिलीत जातो, खाली चुलाण. जाळायला काय? त्याच उसाची वाळलेली चिपाडं. लाकूडफाटा बाहेरून आणावा लागत नाही. भाच्याला हे फारच आवडलं. “म्हणजे उसावरच ऊस शिजतो?” असं त्यानं विचारलं, आणि खरंच, याहून नीट मला सांगता आलं नसतं. रस उकळायला लागला की वर मळी येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. रस स्वच्छ व्हावा म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालतात. दोन-तीन तास हे चालतं. रस घट्ट होत जातो, रंग बदलतो, आधी काकवी होते आणि मग गूळ. उतरवायचा कधी, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी होते का बघतो. जरा लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. सगळं आधण त्या दोन मिनिटांवर.

अण्णा लांब बाजेवर बसले होते. गुडघे दुखतात त्यांचे. तिथूनच म्हणाले, “उतरवा आता.” गुळव्यानं गोळी करून बघितली आणि हसला, म्हणाला, “काका, वासावरनं ओळखलं का?” अण्णांनी वीस वर्षं आमच्या भावकीच्या गुऱ्हाळावर काम केलंय. मला माहीत होतं, पण मुलांना ते माहीत असायचं कारणच नव्हतं. मग भाचा त्यांच्याजवळ जाऊन बसला तो जेवायला हाक मारेपर्यंत उठला नाही.

असो. भावुक व्हायला नको, पैशांचं बोलू.

इथला दर होता माणशी १,२०० रुपये, राहणं आणि तीन वेळचं जेवण. मुलांना निम्मे. पाच मोठ्यांचे ६,००० आणि मुलांचे १,२००, म्हणजे दिवसाचे ७,२००. दोन रात्री राहिलो, १४,४०० झाले. थोडक्यात, मे महिन्यात एका रात्रीला जेवढे घातले त्यात इथे दोन रात्री निघाल्या. दर जागेप्रमाणे बदलतात, शनिवार-रविवारी वाढतात, त्यामुळे हेच आकडे धरून बसू नका. पण फोन करताना दोनच गोष्टी विचारा: जेवण धरून किती, आणि मुलांचं वय कितीपर्यंत अर्धे. बाकी ‘पॅकेज’ हा शब्द ऐकला की सावध व्हा.

प्रवासाचा मुद्दा लोक विसरतात. सात माणसांना एक गाडी पुरत नाही, मोठी गाडी भाड्यानं घेतली तर राहण्याएवढाच खर्च तिचा. आम्ही एसटीनं गेलो. हसू नका. स्वारगेट ते कराड साधारण १६० किलोमीटर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे आई आणि ताई अर्ध्यात. पाच ते बारा वर्षांची मुलं अर्ध्यात. अण्णा सदुसष्ट वर्षांचे, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट, तेही अर्ध्यात. पंचाहत्तरच्या पुढचे असते तर फुकट. सात जणांत पूर्ण तिकीट फक्त माझं आणि दाजींचं. साडेचार तिकिटांत सातजण. दाजी अजून सांगतात की या घरात पूर्ण किंमत फक्त त्यांना आणि मला आहे. कराडच्या स्टॅंडवर शेताचा मालक टेम्पो घेऊन आला होता. हेही आधी विचारून ठेवा: “स्टॅंडवर न्यायला येता का, आणि त्याचे किती?” पुण्याहून मिरजेला जाणारी रेल्वे सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली अशीच जाते, तोही पर्याय आहे. फक्त साताऱ्याचं स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे. तिथून पुढे रिक्षाचा हिशोब धरा.

बाकीचे महिने आता भराभर सांगतो.

नाताळ ते जानेवारी म्हणजे हुरडा. माण, खटाव, आटपाडी, जत हा शाळूचा पट्टा. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, त्यात भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेला गरम हुरडा, सोबत चटणी आणि गूळ. पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर न्या. याच भागात खिलार बैल बघायला मिळतात, लांब शिंगांचे, पांढरे. आमच्या टीममधल्या त्या मित्राला घोडे हवे होते ना, त्याला मी सांगितलं, घोडा पाचगणीच्या टेबल लॅंडवर अर्धा तास मिळेल, पण रॅंचचं जनावर म्हणशील तर आपलं खिलार आहे.

डिसेंबर ते मार्च या काळात महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी. या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. बऱ्याच ठिकाणी मुलांना स्वतः तोडू देतात आणि वजनावर पैसे घेतात. एक सूचना: तोडताना खातात, मालकाला ते दिसतं, तो काही बोलत नाही, पण तुम्ही पैसे देताना थोडे वरचे द्या. तिथेच भिलार आहे, पुस्तकांचं गाव. ४ मे २०१७ ला सुरू झालं. वेल्समधलं हे-ऑन-वाय डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. पण तिथे पुस्तकांची दुकानं आहेत, आणि इथे गावकऱ्यांच्या घरात, पडवीत, देवळात पुस्तकं ठेवलीत. कुणीही बसून वाचावं. बऱ्याच घरांत राहायची सोयही आहे. धावपळ करून दमलेल्या मुलांना दुपारी दोन तास गप्प बसवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. महाबळेश्वरच्या हॉटेलांचे सुट्टीतले दर बघितलेत तर भिलारचं महत्त्व आणखी पटेल.

जानेवारी ते मार्च सांगलीकडे हळद. काढणी, मग वाफेवर शिजवणं, मग अंगणभर वाळवणं, मग ड्रममध्ये पॉलिश. सगळं गाव पिवळं दिसतं आणि मुलांचे हात चार दिवस पिवळे राहतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं. हरिपूरला पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांमध्ये साठवायचे. मोठ्या पुरांनी ती बरीच खराब झाली, पण कुणी दाखवणारं भेटलं तर ऐकण्यासारखं आहे, जमिनीखाली कोठार कसं काय टिकायचं ते.

फेब्रुवारी-मार्चला तासगाव आणि मिरज बाजूला द्राक्षं आणि बेदाणा. हिरवे मणी शेडमध्ये जाळीच्या रॅकवर टाकायचे आणि दोनेक आठवड्यांत बेदाणा होतो. बघायला छान. पण इथे जरा थांबतो, कारण हे महत्त्वाचं आहे. द्राक्षावर फवारण्या खूप होतात. शेतकऱ्याची हौस नसते ती, भुरी-डाऊनीनं बाग जाते म्हणून करावं लागतं. पण नुकतीच फवारणी झालेल्या बागेत सहा वर्षांचं पोर सोडायचं नाही आणि घड तोडून तसाच तोंडात टाकायचा नाही. “शेवटची फवारणी कधी केली?” हे फोनवर बिनधास्त विचारा. चांगला शेतकरी या प्रश्नानं चिडत नाही. उलट त्याला वाटतं, चला, कुणीतरी अक्कल असलेलं येतंय.

पावसाळ्यात जुलैमध्ये पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे भातलावणी. गुडघाभर चिखल, अंगावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. मुलं वेडी होतात. आई-वडिलांना मात्र नेऊ नका, निसरडं असतं. सप्टेंबरला जाणार असाल तर कासच्या फुलांचं बुकिंग ऑनलाईन आधीच करा, रोजची संख्या ठरलेली असते.

मे महिना? खरं सांगू, मे महिन्यात शेतावर जाऊ नका. जायचंच असेल तर जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरात करवंदं आणि जांभळांसाठी जा. सपाटीला ऊन आणि मोकळं रान, दुसरं काही नाही.

आता फोनवर नेमकं काय विचारायचं? मी सहा ठिकाणी फोन केले आणि सगळीकडे पहिला प्रश्न एकच: “आम्ही येऊ त्या आठवड्यात तुमच्या रानात काय चाललेलं असेल?” एकाचं उत्तर होतं, “सर, तुम्हाला काय पाहिजे ते चालू करतो.” दुसरा म्हणाला, “बुधवारी मजूर मिळाले तर गुऱ्हाळ पेटणार, नाही मिळाले तर शुक्रवारी. तुम्ही गुरुवारी या आणि दोन दिवस थांबा.” आम्ही या दुसऱ्याकडे गेलो. ज्याला स्वतःचं वेळापत्रक आहे तो शेती करतो. इटलीत १९८५ मध्ये कायदा झाला, त्यात हेच होतं: शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. आपल्याला फोनवर तेवढं ओळखता आलं तरी पुरे.

मग विहिरीचं विचारा. हे मी हसत-खेळत सांगत नाहीये. आपल्याकडच्या शेतातल्या विहिरी मोठ्या, खोल आणि पुष्कळ ठिकाणी कठड्याशिवाय. अण्णांच्या पिढीनं कमरेला भोपळा बांधून पोहणं शिकलं. शेजारी चार पोहणारे असायचे. आज तुमच्या मुलाला पोहता येतं ते साडेतीन फुटांच्या निळ्या टाकीत. “विहिरीला कठडा आहे का, लाईफ जॅकेट आहे का, सोबत पोहणारं कोण असतं?” यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर विहिरीत उतरायचं नाही, विषय संपला. शेततळं तर त्याहून वाईट. आतल्या प्लॅस्टिकवर पाय टिकत नाही, एकदा माणूस घसरला की वर येता येत नाही. आणि नदी? कृष्णेत पलूस, वाळवा, मिरज या पट्ट्यात मगरी आहेत. औदुंबर-भिलवडीकडे घाटावर हात-पाय धुणारे स्थानिक लोक दिसले म्हणून तुम्ही मुलांना पाण्यात सोडू नका. त्यांना कुठे आणि कधी उतरायचं ते माहीत असतं.

उसाच्या भागात बिबट्याही आहे. कराड, शिराळा, वाळवा इथल्या लोकांना यात नवीन काही नाही. अंधार पडला की मुलं अंगणात, फडाच्या कडेला एकटं जायचं नाही. आमच्या मालकानं हे पोचल्या पोचल्या सांगितलं, तेव्हाच मला जागा योग्य निवडल्याची खात्री पटली. जो सांगतच नाही त्याची जास्त भीती. गुऱ्हाळावरही काहिलीपासून लांब, खडूची रेघ मारून दिली होती मुलांना. रेघेच्या आत आलं की काकवी बंद. आणि सापाबिपाची वेळ आलीच तर १०८ ला फोन, मांत्रिकाला नाही. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

आई-वडील सोबत असतील तर संडासात कमोड आहे का ते लाजू नका, विचारा. आमच्याकडे नव्हता. मालकानं प्लॅस्टिकची खुर्ची कापून सोय केलेली होती, त्याच्या आईसाठी. अण्णांचं भागलं. सगळ्यांचं भागेलच असं नाही.

आणि अंगात किडे असलेलं कुटुंब दिवसभर शेतावरच बसणार नाही, हेही खरं. सकाळी रान, दुपारी आराम, चारनंतर कुठेतरी चढायला. कराडजवळ सदाशिवगड आहे, लोक रोज सकाळी फिरायला चढतात तो, सहा वर्षांची पोरगी चढून गेली. आगाशिवची लेणी आहेत. पाटणकडे असाल तर दातेगड, तिथली कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर बघून भाचा दोन दिवस तलवारच काढत होता. सांगलीच्या बाजूला सागरेश्वर अभयारण्य, देवराष्ट्र्याजवळ. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं जंगल आहे ते, हरणं आहेत. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत.

घासाघीस करावी का, असं मला एकानं विचारलं. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. दर परवडत नसेल तर एक रात्र कमी करा, मधल्या वारी जा, पण १,२०० चे ९०० करू नका. कारण सात माणसांच्या भाकरी थापणारी ती घरातली वहिनी असते, तिचा पगार कुणी लावलेला नसतो. आमच्या मालकाला मी विचारलं, पाहुण्यांच्या भानगडीत कशाला पडलात? तो म्हणाला, “उसाचं बिल कायद्यानं १४ दिवसांत यायला पाहिजे. पाहुण्याचं निघायच्या दिवशी येतं.” ताईनं वहिनींकडून भाकरी थापायला शिकायचं ठरवलं, पहिल्या चार कर्नाटकाच्या नकाशासारख्या झाल्या. वहिनी म्हणाल्या, “राहू दे, कुत्र्याला चालतंय.” निघताना आईनं वहिनींच्या हातात वेगळे पैसे ठेवले, त्यांनी घेतले नाहीत, मग साडीचोळी म्हणून घेतले. तुमच्या घरातल्या मोठ्यांना हे बरोबर जमतं, त्यांच्यावर सोपवा.

परत येताना एसटीत भाच्यानं अण्णांना विचारलं, “आपल्या शेतात पण गुऱ्हाळ होतं ना? मग आपण तिथे का नाही जात?” अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तिथं निजायचं कुठं?” गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी मला पत्र्याच्या दोन खोल्यांना किती खर्च येईल ते विचारलं. पूररेषेच्या वर, वरच्या रानात. मी अजून एक्सेल उघडलेलं नाही. उघडलं की सांगतो.

एक शेवटचं, कामाचं. शेतकऱ्याला फोन दुपारी एक ते तीनच्या दरम्यान करा. सकाळी तो रानात असतो, संध्याकाळी धारा काढत असतो. फोन उचलला नाही म्हणून लगेच एक स्टार देऊ नका. चला, भेटू पुढच्या भागात.